धून वाजवता, नाव कधी सांगणार? आकाशवाणीच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
महासंचालक, आकाशवाणी, नवी दिल्ली
तसेच मुंबई केंद्राचे सर्व जबाबदार अधिकारी

स. न. वि. वि.

मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन उद्घाटनाला आले होते, आणि केंद्र तेव्हा सरकारचं नसून इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी या खासगी कंपनीचं होतं. राष्ट्रीय प्रसारण दिन म्हणून आपण पाळता तो हाच दिवस. २०२७ मध्ये त्याला शंभर वर्षं होतात. समित्या बसतील, स्मरणिका निघतील, जुन्या आवाजांचे तुकडे जोडून तासातासाचे कार्यक्रम होतील. त्यात आकाशवाणीची ती पहाटेची धून तर हटकून वाजेल: खाली तंबोरा, वर व्हायोलिन. ती कुणी बांधली हे मात्र कुणी सांगेल असं आजवरच्या अनुभवावरून वाटत नाही. इतकी वर्षं रेडिओ ऐकतोय, पण धून वाजल्यावर संगीतकाराचं नाव घेतलेलं माझ्या कानावर एकदाही पडलेलं नाही. शताब्दीची पत्रिका छापून झाल्यावर बोलण्यात अर्थ नाही, म्हणून आत्ताच लिहितो.

ते नाव वॉल्टर कॉफमन असं सांगतात. 'सांगतात' का म्हणतो, ते पुढे येईलच. माझी एक मोठी तक्रार त्याच शब्दात आहे.

आधी मी कोण ते सांगतो. मी ठाण्यात मुलांना व्हायोलिन शिकवतो. आमचं घराणं बेने इस्राएल ज्यूंचं, मूळ अलिबागकडचं. कोकणात ज्यांना शनिवार तेली म्हणत, ते आम्ही. घाण्याचं तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा. आमच्यातले बहुतेक इस्रायलला गेले. तिकडे ते सणाला चिकाचा हलवा करतात आणि अजून मराठीत भांडतात. मी इथेच राहिलो. त्यामुळे 'ज्यू म्हणून ज्यूची बाजू घेतोय' असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण कॉफमन काही आमच्यातले नव्हते. आम्ही शेकडो वर्षं मराठी बोलणारे, मराठीतून कीर्तनं करणारे लोक. ते बोहेमियातले, जर्मन बोलणारे, हिटलरच्या धास्तीने जहाजात बसलेले. त्यांचं-माझं नातं जडलं ते रेडिओमुळे आणि व्हायोलिनमुळे.

आणि याच रेडिओने आम्हाला संगीतकाराचं नाव घ्यायला शिकवलं, हे मुद्दाम आठवून द्यावंसं वाटतं. गाणं लागण्याआधी गीतकार कोण, चाल कुणाची, स्वर कुणाचे, हे सांगायची शिस्त तुमच्या उद्घोषकांची. वसंत प्रभू, श्रीनिवास खळे, यशवंत देव ही नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी वावरली, पण त्यांचे चेहरे आम्ही कितीतरी उशिरा पाहिले. १९५५ मध्ये पुणे केंद्राने गीतरामायण सुरू केलं, तेव्हा घराघरांत माडगूळकरांबरोबर सुधीर फडक्यांचंही नाव गेलं. फार काय, झुमरीतलैयाहून फर्माईश धाडणाऱ्यांची नावं अख्ख्या देशाला पाठ झाली ती रेडिओमुळेच. श्रोत्याचंसुद्धा नाव घेणाऱ्या रेडिओने स्वतःची धून बांधणाऱ्याला तेवढं निनावी ठेवावं?

कॉफमन कोण होते, ते थोडं सविस्तर लिहितो. तुमच्यातल्या काहींना माहीत असेल, पण हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांना ठाऊक असण्याचं कारण नाही.

जन्म १ एप्रिल १९०७, गाव कार्ल्सबाद. गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेलं हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे, कार्लोवी वारी नावाने. बर्लिनला ते फ्रान्झ श्रेकर यांच्याकडे रचना शिकले आणि कुर्ट साक्स यांच्याकडे संगीतशास्त्र. जगभरच्या वाद्यांची वर्गवारी होर्नबोस्टेल यांच्या जोडीने मांडणारे ते हेच साक्स. प्रागच्या जर्मन विद्यापीठात कॉफमननी डॉक्टरेटसाठी प्रबंध लिहिला. पण आपले प्राध्यापक गुस्ताव बेकिंग नात्सी युवक संघटनेचे पुढारी आहेत, हे कळल्यावर त्यांनी त्या हातून पदवी घ्यायला नकार दिला. पदवी नाकारणाऱ्यांच्या गोष्टी आपल्याकडे किती रंगवून सांगतात! ही गोष्ट मात्र कुणी सांगताना दिसत नाही.

१९३४ च्या सुरुवातीला ते मुंबईत उतरले. इथला व्हिसा सहज मिळत होता, आणि चित्रपट दिग्दर्शक मोहन भवनानी ओळखीचे होते. हिंदुस्थानी संगीताच्या तबकड्या पहिल्यांदा ऐकल्या तेव्हा त्यांच्या पदरी काही पडलं नाही. सगळंच परकं वाटलं. मग त्यांनी असा विचार केला की लाखो लोक ज्या गाण्यावर जीव टाकतात ते आपल्याला कळत नसेल, तर खोट गाण्यात नाही, आपल्यात आहे. म्हणून जिथे हे गाणं पिकतं तिथेच राहून शिकायचं. चाळीस वर्षांनंतरही ते त्याच अभ्यासात होते.

आल्यावर काही महिन्यांतच त्यांनी बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी उभी केली. पियानोवर स्वतः कॉफमन, व्हायोलिनवर मेहली मेहता, चेलोवर एडिजिओ व्हेर्गा. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी मैफल, आणि पहिल्या तीन वर्षांत असे शंभराहून जास्त कार्यक्रम झाले. दर आठवड्याला नवं काही बसवणं म्हणजे काय, हे वादकालाच कळेल. आम्ही वर्षातून एकदा मुलांचा कार्यक्रम करतो तर महिनाभर आधीपासून घरात भांडणं सुरू होतात! मेहलींचे चिरंजीव, वाद्यवृंद-संचालक झुबिन १९३६ मध्ये मुंबईतच जन्मले. आज झुबिन मेहतांचा मुंबईला केवढा अभिमान आहे, पण त्या घरात पाश्चात्त्य संगीताचा जो राबता होता त्यात कार्ल्सबादच्या या माणसाचाही हात होता, हे सहसा कुणी बोलत नाही.

१९३७ पासून १९४६ पर्यंत ते मुंबई केंद्रात पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. राहायला वॉर्डन रोडला, महालक्ष्मीच्या देवळाजवळ. त्यांची पत्नी गर्टी ही प्रागचा प्रसिद्ध लेखक फ्रान्झ काफ्का याची भाची, काफ्काची बहीण एली हिची मुलगी. १९४१ मध्ये नात्सींनी एलीला प्रागहून पोलंडमधल्या लॉड्झच्या बंदिस्त ज्यू वस्तीत नेलं; ती परत आली नाही. काफ्काच्या तिन्ही बहिणी तशाच गेल्या. युरोपात हे चाललं असताना कॉफमन इथे रोज रेडिओवर जाऊन मोझार्ट आणि ब्राम्स वाजवत होते आणि रात्री स्वतःचं लिहीत होते. चार तंतुवाद्यांच्या चौकड्या, सोनाटा, सिंफन्या, १९३९ च्या सुमारास खास रेडिओसाठी रचलेला 'अनसूया' हा ऑपेरा. आपल्या पुराणातली सती रेडिओच्या ऑपेरात आणणारा माणूस मुंबई केंद्राच्या नोकरीत होता. दुसऱ्या एखाद्या देशाच्या रेडिओने एवढ्या गोष्टीवर दालन उभारलं असतं.

१९४६ मध्ये त्यांनी मुंबई सोडली. लंडन झालं, कॅनडात हॅलिफॅक्स झालं, मग जवळजवळ दहा वर्षं विनिपेगच्या वाद्यवृंदाचं संचालन. १९५७ पासून अमेरिकेत ब्लूमिंग्टनच्या इंडियाना विद्यापीठात शिकवलं. तिथे असताना त्यांचा उत्तर हिंदुस्थानी रागांवरचा जाडजूड ग्रंथ १९६८ मध्ये निघाला, भातखंड्यांच्या दहा थाटांच्या चौकटीत बसवलेला. दक्षिणेच्या रागांवरचा १९७६ मध्ये. गोंड आणि बैगा लोकांच्या गाण्यांवर तर त्यांनी १९४१ मध्येच लिहिलं होतं. पुढे बस्तरच्या माडिया-मुरियांची गाणी आणि वाद्यं यांवरही लेख आले. आपल्या गडचिरोलीला लागूनच तो मुलूख आहे. १९८४ मध्ये ब्लूमिंग्टनला त्यांचं निधन झालं.

आता धूनेबद्दल, कारण तिच्यावर बोलायचा मला थोडा अधिकार आहे. जाणकार ती शिवरंजनी रागाच्या अंगाची मानतात. भूपाचा गंधार कोमल केला की शिवरंजनीचे सूर हाती येतात: सा, रे, कोमल ग, प, ध. व्हायोलिनवर हे सूर कसे बसतात पाहा. विलायती पद्धतीने तार लावली आणि षड्ज मोकळ्या तारेवर धरला, तर पहिलं बोट ऋषभ, दुसरं बोट जरा मागे ओढून कोमल गंधार, पुढची मोकळी तार म्हणजे पंचम, तिच्यावर पहिलं बोट धैवत. झालं! हात जागचा हलवावा लागत नाही. माझ्याकडे आलेल्या मुलांना बोटं ठेवता यायला लागली की मी हे पाच सूर देतो आणि गप्प बसतो. थोड्या वेळाने कुणीतरी ती धून शोधून काढतंच. एका मुलीला दुसरं बोट मागे घ्यायला मुळीच जमत नव्हतं, सारखा शुद्ध गंधार लागायचा आणि भूप व्हायचा. ज्या दिवशी बोट नेमक्या जागी पडलं त्या दिवशी ती दचकून म्हणाली, "सर, हे आजोबांच्या रेडिओतलं आहे!"

वाद्याची इतकी समज त्या रचनेत आहे. आणखी एक गोष्ट. युरोपात घडलेल्या संगीतकाराचा हात स्वरमेळाकडे जाणारच, सुराखाली सूर रचत इमला चढवणारच. इथे तो मोह आवरलेला आहे. तंबोरा तंबोऱ्याचं काम करतो, त्याच्यावर सूर मोकळा फिरतो. मुंबईत दोन-चार वर्षं राहिलेल्या परक्या माणसाला काय करायचं नाही हे इतकं नेमकं कळावं, याचं मला फार कौतुक आहे.

आता तक्रारी.

पहिली तुम्हाला कळलीच असेल: नाव घेतलं जात नाही. दिवसाच्या पहिल्या सभेआधी, म्हणजे सकाळचं प्रसारण सुरू होताना, धून लागते, मग 'वंदे मातरम्', मग निवेदन. त्या निवेदनात केंद्राचं नाव येतं, वेळ येते. संगीतकार येत नाही. बरं, हा माणूस बाहेरचा नव्हता, तुमच्याच घरचा. नऊ-दहा वर्षं तुमच्या नोकरीत होता. गंमत बघा, तेव्हाचे रेडिओप्रमुख लायोनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत, १९४० मध्ये, रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, तर आमचे पेटीवाले फील्डनसाहेबांचं नाव अजून दातओठ खात घेतात. बंदी घालणारा लक्षात राहिला आणि धून देणारा विसरला गेला.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. धूनेच्या कर्त्याबद्दल एकवाक्यता नाही. बहुतेक ठिकाणी कॉफमन यांचं नाव येतं, व्हायोलिन मेहली मेहतांनी वाजवल्याचं सांगतात. काही जण ठाकूर बलवंत सिंग यांचं नाव घेतात, तर काही जण जॉन फाउल्ड्स यांचं. हे इंग्रज संगीतकार दिल्लीच्या रेडिओत होते आणि १९३९ मध्ये कलकत्त्याला कॉलऱ्याने गेले. मुंबईचे अमृत गंगर यांच्यासारख्या अभ्यासकांनी कॉफमनवर मेहनतीने लिहिलं आहे आणि मला तीच बाजू पटते. पण हा निवाडा खासगी अभ्यासकांनी का करत बसायचा? तुमच्या कपाटात काय आहे? धून १९३६ ची म्हणतात. ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडलं त्याच वर्षीची. कॉफमन यांची नेमणूक मात्र १९३७ पासूनची सांगतात. मग नोकरीआधी काम दिलं होतं का? पैसे दिले का, किती, कुणाच्या सहीने? आधीच्या एखाद्या रचनेतून हा तुकडा घेतला का? आज वाजतं ते त्याच ध्वनिमुद्रणाची प्रत आहे की पुन्हा वाजवून घेतलेलं? असले प्रश्न सरकारी खात्यात फायलीवर सुटतात. फाईल असेल तर दाखवा, आणि हरवली असेल तर तेही लोकांना कळू द्या. कॉफमन यांचं नाव त्यात निघालं नाही, दुसऱ्या कुणाचं निघालं, तर मी त्या माणसाच्या नावासाठी इतकंच भांडेन.

हे मौन किती महाग पडतं, त्याचा एक अनुभव सांगतो. माझ्या एका विद्यार्थ्याने एका सामान्यज्ञान स्पर्धेत या प्रश्नाचं उत्तर 'वॉल्टर कॉफमन' असं दिलं. ते चूक ठरलं. परीक्षकांच्या कागदावर पंडित रविशंकर होते. पंडितजींची धून दूरदर्शनची, हे सांगून पाहिलं. 'तुमच्याकडे अधिकृत काही आहे का?' असं विचारण्यात आलं. प्रश्न रास्त होता. माझ्याकडे लेख होते, पुस्तकं होती. पण आकाशवाणीचा एक ओळीचा कागद नव्हता. पोराचे दोन गुण गेले त्याचं फार वाटत नाही. चुकीचं उत्तर टाळ्या घेऊन गेलं, ते अजून खुपतं.

तिसरी तक्रार त्यांच्या बाकीच्या संगीताबद्दल. टोरंटोच्या एआरसी आँसाम्ब्ल या संचाने २०२० मध्ये त्यांच्या चौकड्या, व्हायोलिन सोनाटा आणि सप्तवादनाची रचना ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध केली. निर्वासित संगीतकारांची जी मालिका ते काढतात त्यात. त्यातलं बरंचसं संगीत मुंबईत लिहिलेलं आहे. पुढे बर्लिनच्या रेडिओच्या वाद्यवृंदाने त्यांची 'इंडियन सिंफनी' ध्वनिमुद्रित केली. पुन्हा वाचा: बर्लिनच्या रेडिओने! ज्या शहरात ते शिकले आणि ज्या शहरातल्या राजवटीमुळे त्यांना देश सोडावा लागला, तिथला रेडिओ त्यांची हिंदुस्थानी सिंफनी वाजवतो. ज्या रेडिओत ती लिहिणारा माणूस नोकरीला होता, त्याला काही पडलेलं नाही? चर्चगेटच्या तुमच्या इमारतीचं नाव आता लोकांच्या तोंडी आमदार निवासामुळे जास्त असतं. कधीकाळी चेलो-पियानोचं रोजचं प्रक्षेपण करणारा विभाग आपल्या केंद्राने चालवला, हे मुलांना सांगितलं तर त्यांना थट्टा वाटते.

चौथी गोष्ट फक्त तुमच्यावर ढकलत नाही, ती मुंबईच्या संगीतवाल्यांचीही नामुष्की आहे. त्याच काळात युरोपातून आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडेन, इमॅन्युएल श्लेसिंगर यांची नावं आपल्या चित्रकारांनी जपली. प्रोग्रेसिव्ह ग्रुप या मुंबईच्या चित्रकारांच्या गटाचा विषय निघाला की रझा, हुसेन, आरा यांच्याबरोबर या तिघांचं ऋण सांगितलं जातं. चित्रकार जे करू शकले ते गाण्यावाजवण्यातल्या लोकांना का जमू नये? आमच्यातही घराण्याचा अभिमान आहे, गुरूंच्या तसबिरी आहेत, पुण्यतिथ्या आहेत. पण कॉफमनला ना घराणं, ना शिष्यपरिवार. भारतीय संगीतवाले त्यांना पाश्चात्त्य म्हणून सोडून देतात आणि पाश्चात्त्य संगीताची मंडळी शुबर्टच्या पलीकडे फार जात नाहीत.

काय काय आडवं येईल त्याचा अंदाज आहे. धून आता देशाची झाली, तिला कर्ता कशाला, असं म्हणतील. देशाची झाली म्हणून 'वंदे मातरम्'वरचं बंकिमचंद्रांचं नाव आपण पुसलं का? नोकरीत केलेलं काम, हक्क सरकारचे, असंही म्हणतील. हक्क ठेवा ना, पैसे कोण मागतंय? पण १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात कलम ५७ आहे. रचनेचे हक्क दुसऱ्याला दिले तरी ती आपली आहे असं म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो, असं ते सांगतं. विज्ञान भवनातलं भित्तिशिल्प सरकारनेच उखडून ठेवलं, तेव्हा शिल्पकार अमरनाथ सहगल कोर्टात गेले आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने याच कलमावर त्यांच्या बाजूने निकाल दिला. मी वकील नाही आणि कोर्टात जाणारही नाही. एवढंच म्हणतो की नाव घेणं ही मेहेरबानी नव्हे, देणं आहे.

आणि वाद मिटेपर्यंत थांबू असं कुणी म्हणालं, तर त्याला माझं उत्तर दुसऱ्या तक्रारीतच आहे. मिटवणारे तुम्हीच, आणि तुम्हीच थांबलेले.

आता मागण्या सांगतो. सगळ्या मिळून एका मध्यम समारंभाच्या हारतुऱ्यांपेक्षा जास्त खर्च यायचा नाही.

संकेतधूनेसंबंधी आकाशवाणीकडे जे काही कागद, नोंदी, पावत्या, ध्वनिमुद्रणं असतील ती शोधून शताब्दीच्या आत लोकांपुढे ठेवा. त्यावरून धून कुणाची, वाजवली कुणी, कोणत्या साली, हे आकाशवाणीने स्वतःच्या नावाने एकदा जाहीर करावं. कागद अपुरे निघाले तर जेवढं ठरतं तेवढं सांगा, बाकी उघडं ठेवा.

ते जाहीर झालं की दिवसातून एकदा, पहिल्या सभेत, संगीतकाराचं नाव घ्या. प्रत्येक वेळी घ्यावं असा माझा हट्ट नाही. २३ जुलैला आणि १ एप्रिलला मात्र चुकवू नये.

'द इंडियन लिसनर' या तुमच्याच पाक्षिकात त्या काळचे कार्यक्रम तारीखवार छापले जात. त्यातून १९३७ ते १९४६ मधल्या कॉफमन यांच्या मुंबईतल्या कार्यक्रमांची यादी काढायला एका अभ्यासू माणसाला थोडे महिने पुरतील. त्यांची हस्तलिखितं इंडियाना विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयात नीट ठेवलेली आहेत. 'अनसूया'ची प्रत तिथून रीतसर मागवा आणि शताब्दी वर्षात मुंबई केंद्रावरून ती पुन्हा सादर करा. गायक मुंबई-गोव्यात सहज मिळतील. गोव्यातल्या चर्चमधून तयार झालेले व्हायोलिनवाले हिंदी सिनेमाला पिढ्यान् पिढ्या पुरले, एका ऑपेराला पुरणार नाहीत? मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे, त्यांना विचारा. निदान चौकड्या वाजवायला तरी चारच माणसं लागतात, आणि गरज पडली तर त्यातला एक मी.

महालक्ष्मीजवळ पाटी लावण्याचं काम महापालिकेचं आहे, ते मी तिकडे वेगळं लिहीन. पण आकाशवाणी भवनाच्या आत, स्टुडिओकडे जाणाऱ्या वाटेवर, एक फलक लावायला तुम्हाला कुणाची परवानगी लागत नाही. मजकूर मराठीत असावा आणि त्यावर मेहली मेहतांचंही नाव असावं.

२०२३ मध्ये आपण आदेश काढून 'ऑल इंडिया रेडिओ'ऐवजी सगळीकडे 'आकाशवाणी' म्हणायला लावलंत. संस्थेच्या नावाबाबत एवढी दक्षता घेता येते, तर संगीतकाराच्या नावाबाबतही एक आदेश निघू शकेल. बदल्यांच्या आदेशापेक्षा तो नक्कीच लहान असेल.

या पत्राला टपालाने उत्तर नको. 'आपले पत्र संबंधित विभागाकडे पाठवले आहे' हे वाक्य मला पाठ आहे. उत्तर द्यायचं असेल तर सकाळच्या पहिल्या सभेत द्या, धून संपल्यावर, निवेदकाच्या तोंडून. मी ऐकतच असतो.

कळावे,
आपला एक श्रोता
(व्हायोलिन शिक्षक, ठाणे)